शाळेचे ग्रंथालय आणि संगणक : आधी आराखडा, मग यंत्र

प्रस्तावना

ग्रंथालयासाठी संगणक घ्यावयाचे ठरले, की पहिली चर्चा बहुधा किमतीची होते. कोणते यंत्र घ्यावे, किती घ्यावीत, ते कोठे ठेवावेत यावर बराच वेळ जातो. ग्रंथालयात पुस्तके किती आहेत, ती कोण वाचतो, त्यांच्या नोंदी कोणत्या लिपीत आणि कोणत्या नियमाने करावयाच्या, हे प्रश्न मात्र मागे राहतात. परिणामी यंत्र येते, काही दिवस कौतुक होते आणि पुढे त्यावर केवळ पत्रे टंकलिखित होऊ लागतात. वाचकाला हवे असलेले पुस्तक पूर्वीसारखेच सापडत नाही.

शाळेच्या ग्रंथालयात संगणक आणताना कोणता विचार कोणत्या क्रमाने करावा, हे प्रस्तुत पाठात जबलपूरमधील सदर या भागाचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला

• ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे टप्पे क्रमाने सांगता येतील;
• देवनागरी लिपीतील नोंदींसाठी युनिकोडचे महत्त्व स्पष्ट करता येईल;
• लेखकनामांची प्रमाणित यादी का आवश्यक असते, ते उदाहरणाने पटवून देता येईल;
• एका लहान ग्रंथालयाचा आराखडा स्वतः तयार करता येईल.

मूळ पाठ

१. स्थळाची ओळख

सदर ही जबलपूरच्या छावणी भागातील जुनी बाजारपेठ होय. जबलपूर हे हिंदी भाषक शहर असले, तरी मराठीशी त्याचे नाते जुने आहे. १८१७ साली इंग्रजांचा अंमल सुरू होण्यापूर्वी हा प्रदेश काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली, ती जबलपूर येथेच. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. रेल्वे, कारखाने, न्यायालय आणि शिक्षण यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली.

सदरमधील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणावी. तिच्या ग्रंथालयात तीन हजार पुस्तके आहेत, असे मानावे. त्यांत हिंदी पुस्तके सर्वाधिक, त्याखालोखाल इंग्रजी आणि एका कपाटात निवृत्त शिक्षकांनी व पालकांनी भेट दिलेली मराठी पुस्तके आहेत. या कपाटात काय आहे, हे जुन्या ग्रंथपालांना तोंडपाठ होते. ते निवृत्त झाले आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले. आजीकडून मराठी ऐकलेली, परंतु शाळेत हिंदी शिकलेली विद्यार्थिनी त्या कपाटासमोर उभी राहते, तेव्हा तिला मदत करणारे कोणी नसते. संगणकाचा आराखडा आखताना या विद्यार्थिनीपासून आरंभ करावयास हवा.

२. वाचक आणि पुस्तक यांची गाठ

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्या सूत्रांचा आशय आहे.

त्या काळी ग्रंथालयात संगणक नव्हते. तरीही आजच्या आराखड्याची कसोटी याच सूत्रांत आहे. जे यंत्र पुस्तकांना कुलपात अधिक सुरक्षित करते, परंतु वाचकापर्यंत पोहोचवत नाही, त्यावरील खर्च व्यर्थ होय. म्हणून खरेदीपूर्वी एका कागदावर लिहावे : संगणकाकडून नेमके कोणते काम हवे आहे? शालेय ग्रंथालयात ही कामे साधारणपणे चार असतात. पुस्तकांची तालिका ठेवणे, पुस्तकांची देवघेव नोंदवणे, वार्षिक मोजणी करणे आणि ग्रंथालयात नसलेले वाचनसाहित्य महाजालावरून उपलब्ध करून देणे. चारही कामे एकाच वेळी सुरू करण्याची आवश्यकता नाही. तालिका हा पाया आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय इतर कामांना अर्थ येत नाही.

३. एक लहान ग्रंथालय आणि 'कोहा'

गरज ओळखून नियोजन केल्यास लहान संस्थाही मोठे काम करू शकते, याचे एक उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले. तेथील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयाची संगणकप्रणाली जुनी झाली होती आणि २००० साल उजाडताच ती निकामी होण्याची भीती होती. त्या काळातील अनेक प्रणालींमध्ये वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक नोंदवले जात. त्यामुळे '००' म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळणार नव्हते. बाजारातील मोठ्या प्रणाली महाग होत्या आणि त्यांतील कित्येक सोयी या ग्रंथालयाला नको होत्या. तेव्हा स्वतःच्या गरजा निश्चित करून ग्रंथालयाने एका लहान स्थानिक संस्थेकडून १९९९ साली नवी प्रणाली तयार करवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली.

ही प्रणाली ग्रंथालयाने सर्वांसाठी मुक्त केली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. आज जगभरातील ग्रंथालये ती परवानाशुल्क न देता वापरतात. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली विकसित केली आहे.

प्रणाली कोणतीही निवडली, तरी तीन प्रश्न विचारावेत. ती देवनागरी नोंदी स्वीकारते काय? त्या नोंदी मान्यताप्राप्त स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत नेता येतात काय? आणि अडचण आल्यास जवळपास जाणकार उपलब्ध आहे काय? दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने १९६० च्या दशकात 'मार्क' हा यंत्रवाच्य नोंदीचा नमुना तयार केला. या नमुन्यातील नोंदी एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात. यंत्र आणि प्रणाली काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. नोंदी मात्र टिकल्या पाहिजेत.

पाठगत प्रश्न – १

(अ) शालेय ग्रंथालयातील संगणकाची चार कामे कोणती?
(आ) '००' या अंकांमुळे कोणती अडचण उद्भवणार होती?
(इ) प्रणाली निवडताना कोणते तीन प्रश्न विचारावेत?

४. टिळक की तिलक?

सदरमधील शाळेपुढील खरा प्रश्न आता येतो. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी आहे. त्यामुळे नोंदी करणे सोपे जाईल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात अडचण येथेच लपलेली आहे.

लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवाद माधवराव सप्रे यांनी केला. सप्रे यांचा जन्म १८७१ साली आजच्या दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी हिंदी पत्रकारितेत मोलाचे कार्य केले. मूळ ग्रंथ आणि अनुवाद ही दोन्ही पुस्तके एकाच ग्रंथालयात असू शकतात. परंतु मराठी पुस्तकावर लेखकाचे नाव 'टिळक' असे असते आणि हिंदी पुस्तकावर 'तिलक'. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठावरील नाव जसेच्या तसे लिहिले, तर यंत्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे लेखक ठरतात. 'तिलक' असा शोध घेणाऱ्या विद्यार्थिनीला मूळ मराठी ग्रंथ दिसत नाही. तो तिच्यापासून चार पावलांवर असतो. तरीही तालिकेच्या दृष्टीने तो हरवलेला असतो.

हे उदाहरण एकटे नाही. मराठीत 'नारळीकर' असे लिहिले जाणारे आडनाव हिंदी पुस्तकांत 'नार्लीकर' असे छापले जाते. 'काळे' यांचे 'काले' होते आणि 'पाटील' यांचे 'पाटिल'. ळ हा वर्ण आजच्या प्रमाण हिंदीत सहसा येत नाही. त्यामुळे हिंदी टंकनाची सवय असलेली व्यक्ती त्याऐवजी सहजच ल लिहिते. माणूस दोन्ही रूपे वाचून नाव एकच आहे, हे ओळखतो. साध्या शोधात यंत्र ते ओळखत नाही.

यावर ग्रंथालयशास्त्राने उपाय सांगितला आहे. प्रत्येक लेखकाच्या नावाचे एक रूप प्रमाण मानावयाचे आणि उरलेली सर्व रूपे त्याला जोडून ठेवावयाची. या यादीस लेखकनामांची प्रमाणित यादी म्हणता येईल. 'तिलक' असे शोधले असता यंत्र 'टिळक पाहा' असे सांगते, अथवा दोन्ही रूपांखालील पुस्तके एकत्र दाखवते. ही यादी यंत्राबरोबर विकत मिळत नाही. ती हिंदी आणि मराठी जाणणाऱ्या माणसांनी बसून करावी लागते. शाळेतील भाषाशिक्षक, माजी विद्यार्थी आणि परिसरातील जुने वाचक यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते.

५. अक्षरे टिकावीत म्हणून

दुसरी काळजी अक्षरांच्या संकेताची घ्यावी लागते. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. पूर्वी प्रत्येक टंकसंचाची अंकयोजना निराळी असे. एका संगणकावर केलेली मराठी यादी दुसऱ्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. तो टंकसंच नाहीसा झाला, तर वर्षभराच्या श्रमांचे मोल शून्य होई.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा निश्चित अंक दिलेला आहे. ल आणि ळ यांचे अंक निराळे आहेत, तसेच 'कुऱ्हाड' या शब्दातील अर्ध्या र साठीही सोय आहे. म्हणून सर्व नोंदी युनिकोडमध्येच करावयाच्या, हा नियम आराखड्यात ठळकपणे लिहावा. टंकनासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक आहे. तो एका भाषेसाठी शिकला, की इतर भारतीय लिप्यांतही उपयोगी पडतो.

पुस्तकांच्या मांडणीसाठी मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती अनेक शाळांत वापरली जाते. या पद्धतीत हिंदी साहित्याचा वर्गांक ८९१.४३, तर मराठी साहित्याचा ८९१.४६ आहे. याचा अर्थ, योग्य वर्गीकरण केल्यास ही दोन साहित्ये शेजारी नांदतात. मराठी पुस्तकांना 'इतर' अशा शीर्षकाखाली कोपऱ्यातील कपाटात ठेवण्याचे कारण उरत नाही.

६. श्रम, खर्च आणि जबाबदारी

आता कामाचा हिशेब मांडावा. एका पुस्तकाची नोंद करण्यास चार मिनिटे लागतात, असे धरावे. रोज दोन तास काम केल्यास तीस नोंदी होतात. तीन हजार पुस्तकांसाठी शंभर दिवस लागतात. शंभर कामाचे दिवस म्हणजे सुमारे अर्धे शैक्षणिक वर्ष होय. हे गणित आधी मांडले, तर कोणी उतावीळ होत नाही आणि काम अर्ध्यावर सोडत नाही. आरंभ सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपासून करावा. सदरच्या उदाहरणात मराठी कपाटही पहिल्या टप्प्यातच घ्यावे, कारण तेथील पुस्तकांची माहिती असणारी माणसे पुढे उपलब्ध असतीलच असे नाही.

नोंद करताना दाखल क्रमांक हा आधार धरावा. २००७ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथक्रमांक तेरा अंकी झाला. तो रेषासंकेताच्या रूपाने नव्या पुस्तकांवर छापलेला असतो. भेट मिळालेल्या जुन्या मराठी पुस्तकांवर असा क्रमांक बहुधा नसतो. त्यासाठी दाखल क्रमांकावरून रेषासंकेताची चिठ्ठी ग्रंथालयातच तयार करता येते.

यंत्रांच्या बाबतीत आरंभी दोन संगणक पुरेसे आहेत : एक ग्रंथपालासाठी, दुसरा वाचकांना तालिका पाहण्यासाठी. दुसरा संगणक वाचकांच्या हाती असला पाहिजे. ग्रंथपालाच्या टेबलामागे ठेवलेल्या तालिकेचा उपयोग वाचकाला होत नाही. वीज खंडित झाल्यास काम वाया जाऊ नये म्हणून विजेचा पर्यायी संच आवश्यक आहे. खरेदीच्या रकमेखेरीज दुरुस्ती, बॅटरी, कागद, महाजाल जोडणी आणि प्रशिक्षण यांचा वार्षिक खर्चही अंदाजपत्रकात दाखवावा.

नोंदींच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी. दर आठवड्यास प्रत काढण्याचे काम एका नियुक्त व्यक्तीकडे सोपवावे आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. न उघडता ठेवलेली प्रत ऐनवेळी निरुपयोगी निघाल्यास दोष यंत्राला देता येत नाही. तसेच कोणत्या विद्यार्थ्याने कोणते पुस्तक नेले, ही माहिती इतरांना दिसणार नाही, अशी व्यवस्था करावी. वाचन ही प्रत्येकाची खासगी बाब आहे.

७. भिंतीपलीकडचे ग्रंथालय

शाळेत ग्रंथालय असावे, हा आता केवळ सदिच्छेचा विषय राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ यानुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय अपेक्षित आहे. तथापि महाराष्ट्राबाहेरील शाळेत नवी मराठी पुस्तके नियमित पोहोचणे कठीण असते. येथे महाजाल साहाय्यास येते. मराठी विश्वकोश आता महाजालावर वाचता येतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण करण्यात आले. त्यात अनेक भाषांतील साहित्याचा शोध घेता येतो.

मात्र स्वामित्वहक्काचे भान ठेवावे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साधारणपणे साठ वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क असतो. १९२० साली निधन पावलेल्या टिळकांचे ग्रंथ मुक्त आहेत. हयात अथवा अलीकडे दिवंगत झालेल्या लेखकाचे संपूर्ण पुस्तक परवानगीविना छायांकित करून वाटणे योग्य नाही.

आराखडा असा क्रमाने सिद्ध झाला, म्हणजे यंत्राची निवड हा त्यातील सर्वांत सोपा भाग उरतो. संगणक जुना होईल, प्रणाली बदलेल, ग्रंथपालही बदलतील. परंतु शुद्ध लिपीत, निश्चित नियमाने केलेली नोंद पुढच्या पिढीच्या हाती जाईल. त्या नोंदीच्या आधारे एखादी विद्यार्थिनी 'तिलक' असे लिहील आणि तिच्यासमोर 'टिळक' येतील. आजीच्या बोलण्यातली भाषा तिला त्या दिवशी पुस्तकात भेटेल.

पाठगत प्रश्न – २

(अ) 'टिळक' आणि 'तिलक' या नोंदींमुळे वाचकाची कोणती गैरसोय होते?
(आ) मराठी कपाट पहिल्या टप्प्यात का घ्यावे?
(इ) नोंदींची एक प्रत इमारतीबाहेर ठेवण्याचे कारण काय असावे?

तुम्ही काय शिकलात?

• ग्रंथालयाच्या आराखड्याचा आरंभ वाचकाच्या गरजेपासून होतो.
• गरज, नोंदींचे नियम, प्रणाली, यंत्र, मनुष्यबळ आणि जतन असा विचारांचा क्रम असावा.
• एकच लिपी असलेल्या दोन भाषांतही नावांची रूपे भिन्न असतात. त्यासाठी प्रमाणित यादी लागते.
• यंत्रापेक्षा नोंदी दीर्घायुषी असतात. म्हणून त्या युनिकोडमध्ये आणि स्थलांतर करता येतील अशा स्वरूपात असाव्यात.

शब्दार्थ

तालिका – ग्रंथालयातील पुस्तकांची पद्धतशीर सूची
दाखल क्रमांक – पुस्तक ग्रंथालयात आल्यावर त्याला दिलेला अनुक्रमांक
वर्गांक – विषयानुसार पुस्तकाला दिलेला अंक
रेषासंकेत – उभ्या रेषांच्या रूपात छापलेला, यंत्राला वाचता येणारा क्रमांक
महाजाल – इंटरनेट
अंकीय – संगणकीय रूपातील, डिजिटल

स्वाध्याय

१. 'यंत्र बदलते, नोंद टिकते' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.
२. 'कोहा' प्रणालीच्या निर्मितीतून लहान संस्थांनी कोणता बोध घ्यावा?
३. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सूत्र कोणते? सकारण लिहा.
४. मराठीत आणि अन्य भाषेत वेगळ्या रीतीने लिहिली जाणारी पाच आडनावे शोधून त्यांची यादी करा. प्रत्येकाचे प्रमाण रूप कोणते मानाल, ते सांगा.
५. उपक्रम : तुमच्या घरातील, अभ्यासकेंद्रातील अथवा परिसरातील पन्नास पुस्तकांची दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, भाषा आणि प्रकाशनवर्ष अशा पाच रकान्यांत नोंद करा. एका नोंदीस सरासरी किती वेळ लागला, ते मोजा आणि त्यावरून एक हजार पुस्तकांच्या कामाचा हिशेब मांडा.